मानव्यविद्येच्या अभ्यासमंडळांना खुले पत्र: पुस्तकांची यादी पुरे, आता तासांचा हिशेब मांडा

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
मानव्यविद्या शाखेतील सर्व अभ्यासमंडळे

सप्रेम नमस्कार.

नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा बैठकीत आला की वाद बहुधा एकाच गोष्टीवर रंगतो: कोणता लेखक आत घ्यायचा आणि कोणता वगळायचा. हा वाद व्हायलाच हवा. पण लेखक ठरला की काम झाले असे धरून मसुदा पुढे सरकतो. त्या लेखकाची किती पाने वाचायची, कोणत्या आवृत्तीतून, किती तासांत, वाचून विद्यार्थ्याने काय लिहायचे, ते लिखाण कोण तपासणार आणि तपासायला त्याला वेळ कुठून मिळणार, यांतले काहीच मसुद्यात नसते. ‘ते शिक्षक बघून घेतील’ असे म्हटले जाते. शिक्षक बघून घेत नाहीत, कारण वेळापत्रक आणि कार्यभार दोन्ही याच कागदावरून ठरतात. म्हणून आमची मागणी साधी आहे: वाचनाचे तास आणि लेखनावरच्या अभिप्रायाचे तास अभ्यासक्रमाच्या कागदावर लिहा. इतिहास असो, तत्त्वज्ञान असो वा साहित्य, पदवीचा वर्ग असो वा पदव्युत्तर, हे दोन आकडे नसले की बाकीचा मजकूर कितीही चांगला असला तरी वर्गात उतरत नाही.

आधी वाचनाचे पाहू. युरोपातल्या विद्यापीठांच्या ईसीटीएस या सामाईक क्रेडिट-पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे एकूण काम. त्यात वर्ग, वाचन, लेखन, परीक्षा सगळे येते. अमेरिकी पद्धतीत वर्गातल्या एका तासामागे बाहेरचे किमान दोन तास धरले जातात. काही ठिकाणी मात्र क्रेडिट म्हणजे फक्त वर्गातले तास असतात आणि बाहेरच्या अभ्यासाचा उल्लेखही नसतो. पद्धत कोणतीही असो, हिशेब करता येतो. १५ आठवड्यांचे सत्र आणि आठवड्याला तीन तास वर्ग असे धरा. वर्गातले ४५ तास झाले, बाहेरचे ९० धरू. त्यातले ३० तास एका नीट लिहिलेल्या निबंधाला जातात, १२ तास परीक्षेच्या तयारीला. उरले ४८. म्हणजे आठवड्याला तीन तासांहून थोडे अधिक.

या तीन तासांत किती वाचून होते? हातात पेन्सिल घेऊन, समासात खुणा करत वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा वेग मजकुरागणिक बदलतो. कादंबरीची तासाला ३० पाने होतात, इतिहासातल्या संशोधनपर लेखाची १५. कांट किंवा नागार्जुन यांच्यासारखा तत्त्वज्ञ हातात घेतला तर पाच-सहा पाने झाली तरी पुष्कळ. जुनी कागदपत्रे, लिपी ओळखीची असली तरी, तीन-चार पानांपलीकडे जात नाहीत. हे अंदाज आहेत आणि विद्यार्थ्यागणिक ते हलतील, पण हलून हलून दुप्पट होणार नाहीत. आता ४८ तासांत लेखांची ७२० पाने होतात आणि कांटची जेमतेम २४० ते २९०. उलट एकेका विषयाच्या मसुद्यात ‘आवश्यक वाचन’ म्हणून डझनभर पुस्तके सर्रास दिसतात. २५० पानांचे एक धरले तरी ३,००० पाने होतात. तासाला १५ च्या वेगाने त्याला २०० तास लागतील. आणि असे पाच विषय एकाच सत्रात असतात.

विद्यार्थी काय करतो ते आपण जाणतोच. तो पहिल्या दोन आठवड्यांत यादीकडे पाहतो, अशक्य आहे हे ओळखतो आणि गाईडकडे वळतो. गाईड घेणाऱ्याला आळशी म्हणणे सोपे आहे. खरे तर तो हिशेबी आहे. ज्या यादीतले काय वगळायचे हे मंडळाने ठरवले नाही, ते गाईडवाल्याने ठरवून दिले, इतकेच.

म्हणून यादीचे तीन भाग करावेत आणि प्रत्येकापुढे पाने व तास लिहावेत. पहिला भाग वर्गात ओळीओळीने वाचायच्या मजकुराचा. हा सत्रभरात ४० ते ६० पानांपलीकडे जाऊ नये. दुसरा घरी पूर्ण वाचून यायच्या मजकुराचा. तिसरा केवळ माहीत असावा, गरजेला उघडता यावा अशा ग्रंथांचा, आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येणार नाही हे तिथेच स्पष्ट लिहावे. मसुदा पक्का करण्याआधी एक चाचणी जरूर घ्या. मंडळातल्या एका सदस्याने, शक्यतो त्या विषयाचा तज्ज्ञ नसलेल्याने, कोणत्याही एका आठवड्याचे वाचन घड्याळ लावून, टिपणे काढत करावे. लागलेल्या वेळाची पदव्युत्तर वर्गासाठी दुप्पट करावी आणि पदवीच्या पहिल्या वर्षासाठी तिप्पट. आकडा आठवड्याच्या तासांत बसला नाही तर पाने कमी करावीत. यावर ‘मग दर्जा खाली येईल’ असा आक्षेप नेहमी येतो. न वाचलेल्या ३,००० पानांना कसला दर्जा?

पानांचा आकडा आला की आवृत्तीचा प्रश्न येतो, आणि इथे मसुदे फारच मोघम असतात. ग्रंथाचे नाव आणि लेखकाचे नाव पुरत नाही. प्लेटोसाठी १५७८ च्या स्तेफानुस आवृत्तीचे पृष्ठांक आणि ॲरिस्टॉटलसाठी १८३१ च्या बेकर आवृत्तीचे पृष्ठांक जगभर वापरले जातात. चांगल्या भाषांतरांच्या समासात ते छापलेले असतात. कांटच्या पहिल्या ‘समीक्षे’साठी (‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’) १७८१ ची पहिली आवृत्ती ‘ए’ आणि १७८७ ची दुसरी ‘बी’ या खुणेने दाखवतात. अभ्यासक्रमात हे अंक दिले की वर्गातल्या तिघांकडे तीन वेगवेगळी भाषांतरे असली तरी सगळे एकाच परिच्छेदावर येतात. ते न देता ‘प्रकरण २’ लिहिले की निम्मा तास ‘सर, कोणते पान?’ यात जातो.

साहित्यात हा प्रश्न नुसत्या पानांचा राहत नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची १६०८ ची क्वार्टो (लहान आकाराची छापील प्रत) आणि १६२३ ची फोलिओ (मोठ्या आकाराचा नाट्यसंग्रह) या दोन संहिता इतक्या वेगळ्या आहेत की क्वार्टोतल्या सुमारे ३०० ओळी फोलिओत नाहीत आणि फोलिओतल्या सुमारे १०० क्वार्टोत नाहीत, नाटकातले शेवटचे बोलसुद्धा एकात एका पात्राच्या तोंडी आणि दुसऱ्यात दुसऱ्याच्या. ‘शाकुंतला’च्या बंगाली, देवनागरी, काश्मिरी अशा वेगवेगळ्या पाठपरंपरा आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक (अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेली) आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिचे अध्याय-श्लोकांक आणि प्रचलित पोथ्यांचे अंक जुळत नाहीत, आणि लोकांना तोंडपाठ असलेले काही प्रसंग तिथे तळटीपेत किंवा परिशिष्टात गेलेले आहेत. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, म्हणजे पाठ बिघडले होते हे त्यांनाही दिसले होते. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक गाथेगणिक बदलतात. तेव्हा ‘तुकारामांचे निवडक ५० अभंग’ असे लिहून थांबणे म्हणजे प्राश्निकाने एक गाथा उघडायची, विद्यार्थ्याने दुसरी आणि परीक्षकाने तिसरी. आवृत्ती, संपादक, वर्ष, भाषांतर असेल तर भाषांतरकार, आणि निवडलेल्या उताऱ्यांची पहिली ओळ, एवढे लिहायला अर्धे पान लागते. ते पान द्या.

आवृत्ती ठरवताना ग्रंथालयाला आधी विचारा. ६० विद्यार्थी आणि दोन प्रती हे गणित फोटोकॉपीच्या दुकानात सुटते, आणि तिथे पान ३७ नंतर ३९ येते. प्रताधिकारातून मुक्त झालेले ग्रंथ स्कॅन स्वरूपात मिळतात, पण देवनागरीतल्या जुन्या छपाईचे यंत्रवाचन अजून चुका करते. जोडाक्षरे तुटतात, अनुस्वार गळतात. असा मजकूर वर्गात द्यायचा असेल तर मूळ पानाचे चित्र सोबत द्यायला हवे.

लेखनाकडे येतो. या पत्राचा खरा गाभा हाच आहे.

मानव्यविद्येत विद्यार्थी लिहून शिकतो. लिहिताना त्याला कळते की आपल्याला जे समजले असे वाटत होते ते समजलेले नाही. पण त्यासाठी लिहिलेले कुणीतरी वाचून परत द्यावे लागते आणि त्याने ते पुन्हा लिहावे लागते. सत्राच्या शेवटी एक ‘असाइनमेंट’ जमा करून घेऊन त्यावर गुण टाकणे याला आम्ही लेखन-शिक्षण म्हणत नाही. गुणांबरोबर आलेला शेरा विद्यार्थी वाचत नाही, कारण त्याचा आता काही उपयोग नसतो.

१५ आठवड्यांत बसणारा एक क्रम असा. चौथ्या आठवड्यात विद्यार्थी एका वाक्यात प्रश्न आणि तीन साधनांची नावे देतो. सहाव्यात त्यांतल्या दोन साधनांवर प्रत्येकी १५० शब्दांचे टिपण: लेखकाचा दावा काय, पुरावा काय, आणि माझ्या प्रश्नाला त्यातून काय मिळते. नवव्यात १,२०० शब्दांचा कच्चा खर्डा. दहाव्याच्या अखेरीस तो अभिप्रायासह परत. तेराव्यात २,००० शब्दांचा अंतिम निबंध, आणि त्याला जोडून अर्धे पान: खर्ड्यात काय बदलले आणि का. या अर्ध्या पानाला गुण ठेवा. अभिप्राय वाचला गेला की नाही हे तिथेच कळते.

यात बिघडते ते बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर. ‘स्त्रीवाद आणि साहित्य’, ‘मध्ययुगीन समाजजीवन’, ‘अस्तित्ववाद: एक अभ्यास’ ही प्रश्नांची नावे नव्हेत, कपाटांची नावे आहेत. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकेल. ‘या कादंबरीतला निवेदक नायिकेचे बोलणे थेट देतो की आपल्या शब्दांत सांगतो, आणि लग्नानंतर त्यात बदल होतो का?’ याचे उत्तर शोधायला पुस्तक उघडावे लागते. गाईडमध्ये ते नसते. चौथ्या आठवड्यात प्रश्न परत पाठवण्याचा अधिकार शिक्षकाने वापरला नाही तर पुढच्या नऊ आठवड्यांचे श्रम वाया जातात. दुसरा बिघाड अभिप्रायात. शुद्धलेखनाच्या चुकांवर पानभर लाल खुणा आणि युक्तिवादावर एकही शब्द नाही, असा खर्डा परत आला की विद्यार्थी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून तोच निबंध पुन्हा देतो. खर्ड्यावर तीनच गोष्टी सांगाव्यात: दावा कुठे आहे आणि तो स्पष्ट आहे का, कोणत्या दाव्याला पुरावा नाही, आणि कोणता परिच्छेद काढला तरी काही बिघडणार नाही. तिसरा बिघाड वेळापत्रकाचा: पाचही विषयांचे खर्डे एकाच आठवड्यात. हे एकेका शिक्षकाला दिसत नाही. मंडळानेच प्रत्येक विषयाला वेगळा आठवडा नेमून द्यावा.

आता शिक्षकाचा वेळ. १,२०० शब्दांचा खर्डा वाचून तीन मुद्दे लिहायला २० मिनिटे लागतात. ६० विद्यार्थी म्हणजे २० तास. अंतिम निबंधाला १५ मिनिटे धरली तर आणखी १५ तास. छोटी टिपणे आणि प्रश्न मिळून १० तास. एका विषयामागे सत्राला ४५ तास, म्हणजे वर्गात शिकवण्याइतकेच. शिक्षकाकडे असे तीन विषय असतील तर १३५ तास, आणि कार्यभाराच्या तक्त्यात यांतला एकही तास नसतो. मग जे व्हायचे तेच होते. खर्डा रद्द होतो, निबंधाऐवजी ‘प्रकल्प’ येतो आणि प्रकल्पाला मुखपृष्ठ सुंदर असते.

तास मिळणे कठीण असेल तर मार्ग आहेत, पण तेही कागदावर यायला हवेत. पाच विषयांपैकी दोनच ‘लेखनप्रधान’ ठरवावेत आणि त्यांत वर्गाची मर्यादा २५ ठेवावी. बाकी तीन विषयांत खर्डा नको. १२० चा वर्ग असेल तर ३० चे चार गट करून प्रत्येक गटाचा खर्डा वेगळ्या आठवड्यात घ्यावा. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे खर्डे वाचणे हाही मार्ग आहे. मात्र ‘तुमचे मत लिहा’ असे सांगितले तर ‘छान लिहिले आहे’ एवढेच येते. ‘लेखकाचा दावा तुमच्या शब्दांत एका वाक्यात लिहा’ आणि ‘जिथे तुम्ही अडखळलात ती ओळ अधोरेखित करा’ या दोन सूचना पुरतात. मूळ लेखकाला आपला दावा दुसऱ्याच्या शब्दांत भलताच दिसला की तो न सांगता खर्डा बदलतो.

यंत्राकडून (एआयकडून) लिहून घेतलेल्या निबंधांचा धसका सध्या सगळ्यांनीच घेतला आहे. असे निबंध ओळखून देणाऱ्या साधनांवर विसंबू नका. ‘चॅटजीपीटी’ बनवणाऱ्या ओपनएआयने असे आपले स्वतःचे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. वर सांगितलेला क्रम पाळला तर प्रश्न, टिपणे, खर्डा आणि बदलांचे अर्धे पान अशी पावलांची खूण राहते. त्यावर शंका आलीच तर दहा मिनिटे तोंडी विचारा, आणि उद्धृत केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो मागा. अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाचे पान कुणालाच दाखवता येत नाही.

परीक्षेबद्दल थोडे. विद्यार्थी अभ्यासक्रम वाचत नाहीत, मागच्या प्रश्नपत्रिका वाचतात. म्हणून प्रश्नपत्रिका बदलली की शिकवणेही बदलते, दुसरा कोणताही परिपत्रकी उपाय इतका लवकर लागू पडत नाही. ८० गुणांच्या पत्रिकेत ३० गुण अनोळखी उताऱ्याला ठेवा. उतारा २५० ते ४०० शब्दांचा, ओळींना क्रमांक दिलेले, दुर्मिळ शब्दांचे अर्थ खाली, आणि कोणत्याही छापील प्रश्नसंचात न आलेला. केंब्रिजात समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२० च्या दशकात कवीचे नाव काढून कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि लेखी अभिप्राय घेतले, तेव्हा नामांकित विद्यापीठातली मुलेसुद्धा साधा शब्दार्थ चुकवताना आणि ठरीव प्रतिक्रिया देताना सापडली. नाव झाकून वाचायला देणे हा आजही वर्गातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उघडे पाडणारा प्रयोग आहे. सत्रात असे दोन तास तरी असावेत, नाहीतर परीक्षेत उतारा पाहून वर्ग गांगरतो आणि पुढच्या वर्षी ‘विद्यार्थीहितास्तव’ तो प्रश्न वगळला जातो. तपासणीत फरक फार पडतो ही तक्रारही खरी आहे. त्यावर उपाय असा: तपासणी सुरू होण्याआधी सर्व परीक्षकांनी त्याच दहा उत्तरपत्रिका एकमेकांचे गुण न पाहता तपासाव्यात, मग समोरासमोर बसून जिथे पाचाहून अधिक गुणांचे अंतर आहे तिथे का, हे बोलावे. अर्धा दिवस जातो. मॉडरेशनमध्ये सरासरी वर-खाली करण्यापेक्षा तो बरा गेला.

इतिहासासाठी वेगळी एक ओळ हवी: कागदपत्र चिकित्सेचे तास. इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये ‘कॉन्स्टंटाइनचे दानपत्र’ (रोमन सम्राटाने पोपला सत्ता बहाल केल्याचा कागद) बनावट ठरवले ते मुख्यतः त्यातल्या लॅटिनवरून. चौथ्या शतकातल्या रोममध्ये ‘सत्रप’ हा इराणी सुभेदारांसाठीचा शब्द दरबारी माणसांना कोण लावील, असे तो विचारतो. हाच व्यायाम पदवीच्या दुसऱ्या वर्षाला देता येतो. एकाच घटनेची चार साधने, प्रत्येकी दोन पानांहून लहान: एक सरकारी अहवाल, एक खासगी पत्र, एक वृत्तपत्रातली बातमी, एक बऱ्याच नंतर लिहिलेली आठवण. विचारायचे एवढेच की प्रत्येक साधन कशाबद्दल बोलूच शकत नाही. विद्यार्थी बहुधा ‘कोणते खरे’ हे ठरवायला धावतात. त्यांना तिथून मागे खेचणे हेच त्या तासाचे काम.

आता एकाच वर्गात पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र बसवण्याच्या प्रथेकडे. शिक्षक कमी, विषय अनेक, म्हणून हे होते आणि होत राहील. पण दोघांना एकच अभ्यासक्रम देऊन पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘२,५०० ऐवजी ५,००० शब्द’ सांगितले की फरक संपला, असे समजणे चूक आहे. शब्द दुप्पट झाले म्हणून काम वरच्या पातळीचे होत नाही, पाल्हाळ मात्र होतो. पदवीच्या विद्यार्थ्याने मजकूर नीट वाचावा आणि त्यावर एक दावा उभा करावा. पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्या मजकुरावर इतरांनी काय वाद घातला आहे तो मांडावा, त्यात आपण कुठे उभे आहोत ते सांगावे, आणि निदान एक साधन मूळ भाषेत वाचावे. त्याच्यासाठी दर दोन आठवड्यांनी एक स्वतंत्र तास, १,००० शब्दांचे एक ग्रंथपरीक्षण आणि सत्रात एकदा चर्चेची सूत्रे, असे वेगळे पान जोडावे. गुणदानाचे निकषही दोन असावेत. दोघांच्या उत्तरपत्रिका एका गठ्ठ्यात गेल्या तर पदवीच्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला फुकटचा पहिला वर्ग मिळतो.

एकत्र वर्गात चर्चा नेहमी एकाच बाजूला कलते. पदव्युत्तरचे दोघे-तिघे बोलतात, पदवीचे विद्यार्थी वहीत मान घालतात. प्रत्येकाने आदल्या संध्याकाळी १०० शब्दांत एक प्रश्न पाठवावा आणि पहिली २० मिनिटे फक्त पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न घ्यावेत, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. जर्मनीत हाले येथे फ्रिडरिख आउगुस्ट वोल्फ यांनी १७८७ मध्ये आपला ‘सेमिनार’ सुरू केला तो थोड्या निवडक विद्यार्थ्यांनी मजकुरावर स्वतः काम करावे म्हणून. १२ ते १५ जणांत तो चालतो. २० च्या वर गेला की त्याचे व्याख्यान होते, वेळापत्रकात त्याला काहीही नाव द्या. आणि ‘सेमिनार’ म्हणून विद्यार्थ्याने विकिपीडियावरून काढलेल्या ३० स्लाइड वाचून दाखवणे हे तर व्याख्यानही नव्हे.

पदव्युत्तर प्रबंधिकेला एक सत्र दिले जाते. १२ ते १५ हजार शब्दांसाठी ते पुरते, पण विषय आधीच्या सत्रात पक्का झाला असेल तरच. अभिलेखागाराच्या परवानगीला आठवडे लागतात, आणि सत्र सुरू झाल्यावर अर्ज केला तर कागद हाती येईपर्यंत पहिले प्रकरण देण्याची तारीख उलटून जाते. म्हणून विषयनिश्चिती आणि अर्ज या दोन्हींची तारीख मागच्या सत्रात टाका. विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी हेही शिकवावे लागते की प्रत्येक फोटोच्या फाइलला दप्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि कागदाचा क्रमांक द्यायचा. ‘आयएमजी ४०३२’ नावाची ६०० चित्रे तीन महिन्यांनी कुणालाच ओळखता येत नाहीत. मौखिक इतिहासावर काम असेल तर संमतिपत्र ध्वनिमुद्रणाच्या आधी घ्यावे, आणि एका तासाची मुलाखत ऐकून शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात हे धरून मुलाखतींची संख्या ठरवावी. २५ मुलाखतींचा आराखडा मंजूर करणाऱ्या समितीने हा गुणाकार केलेला नसतो. ज्या काळावर प्रबंधिका त्या काळाची लिपी आणि भाषा येत नसेल तर विषय मंजूर करू नये; मोडी न वाचता पेशवाईच्या दप्तरावर लिहिलेले हे छापील निवडींवरचे लिखाण असते, आणि तसे शीर्षकात म्हणावे.

‘अभ्यासक्रमाची फलिते’ या पानाबद्दल फार लिहित नाही. ‘विद्यार्थ्यांमध्ये मानवी मूल्यांची जाणीव निर्माण होईल’ हे तपासता येत नाही, म्हणून ते कुणी तपासत नाही. त्याऐवजी ‘४०० शब्दांच्या अनोळखी उताऱ्यातला दावा आणि पुरावा विद्यार्थी वेगळे करून दाखवील’ असे लिहिले तर प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. अशी चार वाक्ये एका विषयाला पुरेत.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घ्याव्यात, अशी विनंती आहे. प्रत्येक विषयाच्या मसुद्याला आठवडावार तक्ता जोडणे: मजकूर, आवृत्ती, पाने, तास, आणि त्या आठवड्यात काय लिहायचे. लेखनप्रधान विषय ठरवून त्यांतल्या तपासणीचे तास कार्यभारात धरण्याची शिफारस विद्यापरिषदेकडे पाठवणे. आणि प्रश्नपत्रिकेचा नवा आराखडा, निदान एका नमुना पत्रिकेसह. तक्ता आधी एकाच विषयाचा करून पाहा, सर्वांत अवजड यादी असलेल्या. मसुदा मंजूर झाल्यावर तो महाविद्यालयांकडे सत्र सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पोचला पाहिजे, कारण ग्रंथालयाची खरेदी वर्षातून एकदाच होते आणि ती चुकली की वरचा सगळा तक्ता पुन्हा फोटोकॉपीच्या दुकानात जाऊन पडतो.

आपले,
मानव्यविद्येच्या विविध विभागांत शिकवणारे आम्ही काही शिक्षक